रंगीत तालमीचं परीक्षण

"हार्दिक संपला. लिहून घ्या."

हा मेसेज मी आमच्या ग्रुपवर टाकला तो २६ फेब्रुवारी २०२४ ला, नेरूळला, डी. वाय. पाटील टी-२० स्पर्धेची मॅच बघताना. खाली अठरा जणांचे अंगठे आहेत. मी तो अजून डिलीट केलेला नाही. तेव्हा केला नाही कारण अभिमान होता. आता करत नाही कारण तो पुरावा आहे, माझ्याविरुद्धचा.

आठवण करून देतो. १९ ऑक्टोबर २०२३ ला गहुंज्याच्या मैदानावर बांगलादेशविरुद्ध वर्ल्ड कपची मॅच सुरू असताना हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला आणि त्याचा वर्ल्ड कप तिथेच संपला. डिसेंबरमध्ये मुंबई इंडियन्सने रोहितला बाजूला करून त्याला कॅप्टन केलं. आणि मग चार महिन्यांनी तो पहिल्यांदा मैदानात दिसणार होता तो आमच्या नवी मुंबईत, रिलायन्स वन या कंपनी टीमकडून. समोर बीपीसीएल. मॅच कंपन्यांची, पण बघायला आलेली नजर मात्र आयपीएलची.

नावड्याहून आम्ही दोघं निघालो. रिक्षाने पेंधर, तिथून मेट्रोने बेलापूर, पुढे हार्बरने नेरूळ. सोबत माझा लहानपणापासूनचा मित्र, ज्याला ग्रुपवर सगळे 'फिटर' म्हणतात, कारण तो आहेच फिटर. तळोजा एमआयडीसीत मेंटेनन्सला. नाईट संपवून, घरी अंघोळ करून तसाच आला होता. मेट्रोत झोपला, हार्बरमध्ये उभ्या उभ्या झोपला.

हार्दिकने तीन ओव्हर टाकल्या, बावीस रन दिले, दोन विकेट काढल्या. बॅटिंगला आला तो अगदी तळाला, आणि तीन रनांवर नाबाद राहिला. टीम जिंकली. मला काय दिसलं? तीन रन. कॅप्टन असून तळाला लपलेला. संपला.

फिटर म्हणाला, "आरं दादूस, तो खेलत नाय. तो पाय तपासतंय."

मी ते ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. मेसेज तोवर गेला होता.

या लेखाचा मुद्दा हार्दिक नाही. मुद्दा आहे आपण, म्हणजे बघणारे. सीझनच्या आधीच्या मॅचेस बघून, खरं तर त्यांच्या क्लिपा बघून, आपण खेळाडूंची जी समीक्षा करतो ती समीक्षा म्हणून कितपत टिकते? समीक्षा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. 'टायमिंग गेलंय', 'फूटवर्क नाही', 'भूक दिसत नाही' ही भाषा समीक्षेचीच आहे. नाटकाचं परीक्षण लिहिणारा माणूस असंच बोलतो. फरक एवढाच की तो प्रयोग बघून बोलतो.

मराठीत या सगळ्यासाठी एक जबरदस्त शब्द आहे: तालीम. नाटकाचीही तालीम आणि पैलवानाचीही तालीम. कोल्हापुरात तालीम म्हणजे जागा, लाल मातीचा हौद असलेली. नाटकवाल्यांकडे तालीम म्हणजे सराव. दोन्हीकडे नियम तोच, तालमीत जे घडतं त्याचा निकाल लावायचा नसतो. तालमीतल्या मातीत पैलवान जोर करतात तेव्हा वस्ताद काठावर उभा असतो. थोरला पैलवान धाकट्याला मुद्दाम पकड देतो, कधी खाली जातो, एकच डाव पंधरा वेळा करतो. नवखा माणूस आत आला तर त्याला वाटेल, थोरला हरतोय. कुस्ती होते ती मैदानात, हलगी वाजते तेव्हा.

आणि नाटकात शेवटी असते रंगीत तालीम. कपडे तेच, दिवे तेच, संवाद तेच, फक्त तिकीट काढलेला प्रेक्षक नाही. डी. वाय. पाटील स्पर्धा, आयपीएल टीमच्या आपसातल्या मॅचेस, परदेश दौऱ्याआधीचे सराव सामने, या सगळ्या रंगीत तालमी आहेत. फरक असा की आता त्यांच्यात मोबाईल शिरलाय. आपल्याला आत घेतलंय, पण आत आल्यावर कसं बघायचं हे कुणी सांगितलेलं नाही. मग आपण प्रयोग बघतो तसंच बघतो.

याच नेरूळमध्ये, याच स्पर्धेत, याच खेळाडूबद्दल चार वर्षांपूर्वी आपण उलटा निकाल दिला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये हार्दिकच्या पाठीवर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी तो इथे परत आला. ३ मार्चला कॅगविरुद्ध ३९ चेंडूंत १०५, आणि वर पाच विकेट. ६ मार्चला सेमीफायनलमध्ये बीपीसीएलविरुद्ध ५५ चेंडूंत नाबाद १५८. वीस सिक्स. वीस! आमच्या ग्रुपवर त्या रात्री दुसरा विषय नव्हता. पाठ बरी झाली, बॅट बोलतेय, बॉलही बोलतोय, आता पूर्ण ऑलराउंडर परत आला.

मग जग बंद झालं. आयपीएल २९ मार्चला सुरू व्हायची होती, ती झाली १९ सप्टेंबरला, तीही यूएईमध्ये. हार्दिकने त्या सीझनमध्ये २८१ रन केले, तेही जवळपास १७९ च्या स्ट्राइक रेटने, आणि मुंबईने कप जिंकला. म्हणजे बॅटबद्दल आपण बरोबर होतो. पण त्या अख्ख्या सीझनमध्ये त्याने एकही ओव्हर टाकली नाही. एकही नाही. मार्चमधल्या पाच विकेट्सवरून आपण जे पाठीचं सर्टिफिकेट दिलं होतं, त्याला काही किंमत नव्हती.

मध्ये सहा महिने गेले होते, हे खरं आहे. सहा महिन्यांत शरीर बदलतं. पण मला त्यात एक गोष्ट खटकते. पाच विकेट हा आकडा स्कोअरकार्डावर दिसतो; पाठ दुसऱ्या दिवशी सकाळी कशी होती, हे स्कोअरकार्डावर नसतं. आपण दिसतं ते मोजलं आणि मोजलं ते खरं मानलं. २०२४ मध्ये तेच उलट्या बाजूने केलं. तीन रन दिसले, घोट्यावर पडलेल्या तीन ओव्हरी दिसल्या नाहीत.

फिटरने मला परतीच्या मेट्रोत त्याच्या भाषेत समजावलं होतं. प्लांटचं वर्षाचं शटडाऊन संपलं की मशीन सुरू करतात. लगेच लोडवर नाही टाकत. आधी मोकळं फिरवतात. माणूस बेअरिंगला कान लावून उभा राहतो, हाताने गरम होतंय का बघतो, कंप बघतो. थोडा लोड देतात, थांबवतात, परत बघतात. "ट्रायलला प्रॉडक्शन कोन मोजतंय?" त्याने विचारलं. ट्रायलच्या दिवशी किती माल निघाला यावरून मशीनची किंमत करणारा सुपरवायझर असेल, तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर घेणार नाहीत.

आम्ही फॅन लोक तो सुपरवायझर आहोत.

आता क्लिपांबद्दल, कारण आपल्यातले बहुतेक जण मॅच बघतच नाहीत. मीही नाही. मार्च उजाडला की नेट्समधल्या रील्स यायला लागतात. पंधरा सेकंद, बॅटवर बॉल बसल्याचा तो टणत्कार, स्लो मोशन, खाली आगीचे इमोजी. या रीलला मी एक साहित्यप्रकार म्हणून बघायला लागलोय आणि त्याचे नियम अगदी पक्के आहेत. बॉलर कधी दिसत नाही. बॉल कुठे पडला ते कळत नाही. आधीचे चार चेंडू चुकले का, ते कळत नाही. सिक्स किती लांब गेला तेही कळत नाही, कारण नेट आहे. उरतो फक्त आवाज. आणि त्या आवाजावर आपण 'तगडा फॉर्म' असं लिहितो. कवितेची एक ओळ स्टोरीवर वाचून अख्ख्या संग्रहाबद्दल बोलणारे लोक असतात ना, त्यातलाच हा प्रकार. मराठी वर्तमानपत्रं निदान 'सूर गवसला' असं तरी लिहितात. सूर म्हटलं की मागे तानपुरा लागतो, तो लागलाय की नाही ऐकावं लागतं. फॉर्म हा शब्द फारच सोपा आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत आणि कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. (आपल्यासाठी हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले, त्यांच्यासाठी हॉकी म्हटलं की बर्फच.) त्यांच्या एनएचएल लीगचे सराव सामने सप्टेंबरमध्ये होतात. कॅम्पला साठ-साठ पोरं येतात आणि सीझन सुरू होताना टीममध्ये उरतात तेवीस. त्यामुळे त्या मॅचमध्ये एकाच बर्फावर दोन वेगळ्या मॅचेस चालू असतात. ज्या पोराची जागा पक्की नाही तो जिवाच्या आकांताने पळतो, अंगावर बॉडी घेतो, गोल मारतो. ज्या म्हाताऱ्याची जागा पक्की आहे तो गुडघा सांभाळतो. फॅन दोघांना एकाच मापाने मोजतात आणि दरवर्षी सप्टेंबरमध्ये म्हातारा संपतो, पोरगा सुपरस्टार होतो.

आपल्या डी. वाय. पाटील स्पर्धेतही हेच असतं. समोरचा बॉलर एखाद्या कंपनीच्या टीममधला असतो. कुणी रणजी खेळलेला, कुणाला रणजी खेळायचीय, कुणाला हार्दिकची विकेट काढून आयुष्यभर सांगायचंय. त्याच्यासाठी ती तालीम नाही, तो त्याचा प्रयोग आहे. त्याच आठवड्यात ईशान किशन आरबीआयकडून खेळायला आला आणि १९ रनांवर आउट झाला. रणजी न खेळण्यावरून त्याच्याबद्दल तेव्हा बराच वाद होता, आणि दुसऱ्याच दिवशी बोर्डाच्या करारांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. आमच्या ग्रुपवर त्या एकोणीस रनांचा अर्थ लागला, 'माज उतरला'. मला सांगा, एकोणीस रनांत माज कुठे दिसतो? तो आम्ही घरून आणला होता. हार्दिकच्या तीन रनांतही मी रोहितचा राग नेरूळपर्यंत तिकीट काढून नेला होता.

पण म्हणजे सराव सामना बघून काहीच कळत नाही? असं म्हणून मोकळं होणं मला आळशीपणाचं वाटतं. कळतं. डिसेंबर २०२० आठवा. भारत ऑस्ट्रेलियात. पहिल्या सराव सामन्यात आपल्या डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेने ऑस्ट्रेलिया 'अ'विरुद्ध नाबाद शतक केलं. सिडनीच्या गुलाबी चेंडूच्या सामन्यात ऋषभ पंतने ७३ चेंडूंत नाबाद १०३ केले. शुभमन गिल ४३ आणि ६५. पृथ्वी शॉ ४० आणि ३. पंतच्या शतकाला लोक हसले, दमलेल्या बॉलिंगवर काय कुणीही मारेल म्हणाले. ॲडलेडला पंत बाहेर, गिल बाहेर, शॉ आत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: शॉ ० आणि ४, दुसऱ्या डावात टीम ३६. मेलबर्नला रहाणेचं शतक. ब्रिस्बेनला पंत नाबाद ८९.

तेव्हा सराव सामन्यांवरून गिलला घ्या म्हणणारे फॅन बरोबर ठरले. पण नीट बघा, त्यातले कोण बरोबर ठरले. जे आकडे जोडत होते ते नशिबाने. ४३ आणि ४० यांत तीन रनांचाच फरक आहे. जे शॉच्या बॅट आणि पॅडमधली फट बघत होते ते खरे. ॲडलेडला स्टार्कने सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर त्या फटीतून बॉल काढला. कॉमेंट्रीला बसलेल्या रिकी पाँटिंगने चेंडू पडायच्या आधीच सांगितलं होतं की याच्या बॅट-पॅडमध्ये जागा राहते, बॉल आत आला तर तिथून जाईल. दुसऱ्या डावात कमिन्सनेही त्याला तसाच बोल्ड केला. ती फट चाळीस रन होत असतानाही तिथेच होती. चांगली समीक्षा मला तिथे दिसते. रन होत असताना फट बघणं, रन होत नसताना पाय बघणं.

पाँटिंगकडे डोळे होते, फिटरकडे कान होते. माझ्याकडे फोर-जी होतं.

हे सगळं मी एवढं मन लावून का लिहितोय, तर त्याला एक कारण आहे आणि ते नेरूळचं नाही, नावड्याचं आहे.

आमच्याकडे टेनिस क्रिकेटचा सीझन भातकापणीनंतर सुरू होतो. आता भात राहिलाय कुठे, सिडकोचे प्लॉट आणि टॉवर झालेत, पण सीझनची तारीख अजून भाताचीच आहे. दिवाळी झाली की सराव सामने, आणि जानेवारीपासून दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे चषक. मंडप, स्पीकर, यूट्यूबवर लाइव्ह, ट्रॉफ्या माणसाएवढ्या. गावच्या टीममध्ये अकरांत असणं ही साधी गोष्ट नाही. पोराची सोयरीक जमवताना लोक तेही सांगतात.

काही वर्षांपूर्वी टीम निवडायचं काम माझ्याकडे होतं, कारण स्कोअर मी लिहायचो आणि एक्सेल मला यायचं. फिटर आमचा पाच वर्षांचा ओपनर. त्या नोव्हेंबरमध्ये सहा सराव सामन्यांत त्याचे सगळे मिळून एकवीस रन झाले. दोनदा शून्य. एकदा सोपा कॅच सोडला, आणि पोरं हसली. मी त्याच्या नावासमोर पिवळा रंग भरला, मग लाल. ग्रुपवर एक व्हॉइस नोट टाकली, तो त्याच ग्रुपवर आहे हे माहीत असून: "फॉर्म गेलाय त्याचा, नवीन पोराला घेऊ. पर्सनल काय नाय." पर्सनल नाही म्हणून सांगितलं की गोष्ट किती पर्सनल होते ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्या महिन्यात त्याच्या प्लांटचं शटडाऊन होतं. तो सलग नाईट करत होता. सहाही मॅचेसना तो गेटमधून थेट मैदानात आला होता, सेफ्टी शूज बदलून. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आमची घरं एका आळीत आहेत, त्याची बाईक सकाळी सातला येते ते मला ऐकू येतं. मला माहीत होतं, पण एक्सेलमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

त्याने काही म्हटलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. चषकाच्या दिवशी तो आला, स्कोअररच्या टेबलाशी माझ्या शेजारी बसला आणि मला बॉल मोजून देत राहिला. आम्ही ती टुर्नामेंट जिंकलो. नव्या पोराने फायनलमध्ये चांगले रन केले. त्यामुळे माझी चूक कुणाला दिसलीच नाही, उलट मला हुशार ठरवलं गेलं. निकाल बरोबर आला की परीक्षण बरोबर होतं असं सगळे धरून चालतात. फिटर त्यानंतर दोन सीझन खेळला नाही. विचारलं की म्हणायचा, "ड्यूटी हाय."

तर २०२४. आयपीएलमध्ये मुंबई तळाला, दहावी. चौदापैकी चार विजय. हार्दिकचे २१६ रन, ११ विकेट. वानखेडेवर त्याच्या स्वतःच्या घरच्या मैदानात लोकांनी त्याला हूट केलं. माझ्या मेसेजवर पुन्हा अंगठे आले, बघा, भाऊ बोलला होता. तेव्हा दोन महिने मी खूश होतो, हे कबूल करतो. मग २९ जून. बार्बाडोस. वर्ल्ड कप फायनल. हार्दिकने आधी क्लासेन काढला, शेवटची ओव्हर त्याच्या हातात, पहिल्याच चेंडूवर मिलर गेला, सात रनांनी कप. ४ जुलैला त्याच वानखेडेवर तीच गर्दी त्याच्या नावाने ओरडत होती.

म्हणजे मी एप्रिलमध्ये बरोबर होतो आणि जूनमध्ये चूक? तसं नाही. मी दोन्ही वेळा काहीच नव्हतो. फेब्रुवारीत नेरूळला मी जे पाहिलं त्याचा एप्रिलशीही संबंध नव्हता आणि जूनशीही. संबंध असलाच तर फिटरच्या वाक्याचा होता, घोट्याचा. तो घोटा शेवटच्या ओव्हरपर्यंत टिकला.

फायनलच्या रात्री दीड वाजता आळीत फटाके सुरू होते. फिटर नाईटला होता. त्याने प्लांटमधून ग्रुपवर एकच गोष्ट पाठवली: माझा फेब्रुवारीचा मेसेज, खाली काही न लिहिता. मी त्यावर अंगठा दिला.

गेल्या डिसेंबरपासून तो परत सराव सामन्यांना यायला लागलाय. पहिल्या मॅचला चार बॉल खेळला, एक रन, आउट. पॅव्हेलियन म्हणजे आमची ती नीलकमलची खुर्ची, तिच्यावर येऊन बसला, बूट काढले, पायाची बोटं हलवून बघितली. मी वही उघडली होती.

"लिवू नको," तो म्हणाला.

मी वही बंद केली आणि पुढच्या बॉलला त्याच्या जागी आलेल्या पोराचा मागचा पाय कुठे पडतोय ते बघत बसलो.